वॉशिंग्टन कॅपिटल्स : पहिला हंगाम (१९७४–७५)

उत्तर अमेरिकेतील ‘नॅशनल हॉकी लीग’ या व्यावसायिक आइस हॉकी संघटनेत १९७४ मध्ये नव्याने प्रविष्ट झालेल्या वॉशिंग्टन कॅपिटल्स या संघाचा पहिला हंगाम. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राजधानीचे नाव धारण करणाऱ्या या संघाने या हंगामात ८० सामन्यांपैकी ८ जिंकले, ६७ गमावले व ५ बरोबरीत सोडविले. विजयास दोन व बरोबरीस एक गुण या हिशेबाने त्यास १६० पैकी अवघे २१ गुण मिळाले. ७० वा त्यांहून अधिक सामन्यांच्या हंगामांचा विचार करता, मिळालेल्या गुणांचे इतके अल्प प्रमाण (०·१३१) लीगच्या इतिहासात अन्य कोणत्याही संघाच्या वाट्यास आलेले नाही. या हंगामाचा उल्लेख क्रीडावाङ्‌मयात बहुधा विनोदाने केला जातो. तथापि ज्या अटींवर हा संघ लीगमध्ये घेतला गेला, त्या लक्षात घेतल्यास या अपयशाचा मोठा भाग पहिला सामना सुरू होण्यापूर्वीच निश्चित झाला होता, असे दिसून येते.

खेळ व संघटना : आइस हॉकी हा बर्फाच्या बंदिस्त मैदानावर, पायांत धारदार पात्यांचे बूट घालून खेळावयाचा खेळ होय. प्रत्येक पक्षाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू एका वेळी मैदानात असतात. कठीण रबराची चपटी चकती काठीने प्रतिपक्षाच्या जाळ्यात मारून गोल केला जातो. सामना प्रत्येकी २० मिनिटांच्या तीन सत्रांत खेळतात. हा खेळ अतिशय दमविणारा असल्याने खेळाडू थोड्याथोड्या वेळाने आळीपाळीने मैदानात उतरतात. त्यामुळे पहिल्या पाचसहा खेळाडूंच्या कौशल्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व संघातील एकूण खेळाडूंच्या दर्जास प्राप्त होते. ज्या संघाकडे दुसऱ्या व तिसऱ्या फळीचे चांगले खेळाडू नाहीत, त्याची उणीव प्रत्येक सामन्यात उघडी पडते.

नॅशनल हॉकी लीगची स्थापना कॅनडातील माँट्रिऑल येथे १९१७ साली झाली. कॅनडाचे गव्हर्नर-जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी १८९२ मध्ये दिलेला स्टॅन्ली चषक हे तिच्या विजेत्याचे पारितोषिक होय. १९४२ पासून १९६७ पर्यंत, म्हणजे पाव शतक, या लीगमध्ये माँट्रिऑल, टोराँटो, बॉस्टन, न्यूयॉर्क, डिट्रॉइट व शिकागो या नगरांचे सहाच संघ होते.

विस्ताराचे धोरण : दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणाचे वाढते उत्पन्न व अमेरिकेच्या पश्चिम भागातील मोठ्या नगरांची बाजारपेठ यांमुळे लीगने १९६७ मध्ये एकदम सहा नवे संघ घेऊन आपली संख्या दुप्पट केली. प्रत्येक नव्या संघाकडून २० लाख डॉलर प्रवेशशुल्क घेण्यात आले. सर्व नवे संघ एकाच गटात ठेवण्यात आल्याने त्यांपैकी एक अंतिम फेरीत पोहोचणे अपरिहार्य होते. त्यानुसार सेंट लूईस ब्लूज हा संघ १९६८, १९६९ व १९७० अशा लागोपाठ तीन वर्षी अंतिम फेरीत खेळला. परंतु तेथील बाराही सामन्यांत त्यास पराभव पतकरावा लागला. १९७० मध्ये बफालो व व्हँकूव्हर आणि १९७२ मध्ये अटलांटा व न्यूयॉर्क आयलंडर्स हे संघ आले. या वेळी प्रवेशशुल्क ६० लाख डॉलरवर गेले होते. आयलंडर्स संघास पहिल्या हंगामात (१९७२–७३) ७८ सामन्यांत १२ विजय व ३० गुण एवढेच यश लाभले.

नव्या संघास खेळाडू मिळवून देण्यासाठी ‘विस्तार-निवड’ ही पद्धत योजली गेली. प्रत्येक जुन्या संघाने आपल्या ठरावीक खेळाडूंची राखीव यादी सादर करावयाची व उरलेल्यांतून नव्या संघांनी निवड करावयाची, असे तिचे स्वरूप होते. राखीव यादी किती मोठी असावी, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला, तरी नव्या संघाचे भवितव्य त्यावरच अवलंबून असे; आणि त्याचा निर्णय मात्र जुने सभासद घेत. नवा संघ मोठे शुल्क भरून सभासद होत असला, तरी जुन्या संघांचा तो पहिल्या दिवसापासून प्रतिस्पर्धीही असे. शुल्क हवे, पण सबळ प्रतिस्पर्धी नको, या विसंगतीतून या नियमांची घडण झाली.

प्रतिस्पर्धी संघटना : १९७२ मध्ये ‘वर्ल्ड हॉकी असोसिएशन’ ही दुसरी व्यावसायिक संघटना बारा संघांनिशी सुरू झाली. तिने मोठी वेतने देऊन बॉबी हल यांच्यासारखे नामवंत खेळाडू आपल्याकडे ओढले. मोक्याची नगरे तिच्या हाती पडू नयेत, हाही लीगच्या विस्तारामागील एक हेतू होता. १९७४–७५ मध्ये लीगचे १८ व असोसिएशनचे १४ असे एकूण ३२ संघ उच्च पातळीवर खेळत होते. आठ वर्षांपूर्वी त्यांची संख्या सहा होती. खेळाडूंचा पुरवठा मात्र त्या प्रमाणात वाढला नव्हता. त्या वेळी लीगमधील बहुतेक सर्व खेळाडू कॅनडाचे असत. स्वीडनचे बोर्ये साल्मिंग हे १९७३ मध्ये टोराँटो संघात आले असले, तरी यूरोपातून खेळाडू येण्याचा ओघ अद्याप सुरू व्हावयाचा होता. अशा टंचाईच्या काळात १९७४ च्या दोन नव्या संघांना आपली जुळवाजुळव करावी लागली.

संघाची उभारणी : वॉशिंग्टन व कॅन्सस सिटी या नगरांना लीगने १९७२ मध्ये प्रवेश मंजूर केला. शुल्क पूर्वीप्रमाणेच प्रत्येकी ६० लाख डॉलर होते. वॉशिंग्टनचे मालक एब पोलिन हे बांधकाम व्यावसायिक होते. बुलेट्स हा बास्केटबॉल संघही त्यांच्याच मालकीचा होता. राजधानीच्या सीमेबाहेर मेरिलँड राज्यातील लँडोव्हर येथे त्यांनी ‘कॅपिटल सेंटर’ हे भव्य बंदिस्त क्रीडागृह बांधले व ते डिसेंबर १९७३ मध्ये खुले झाले. महाव्यवस्थापक म्हणून मिल्ट श्मिट यांची नेमणूक झाली. श्मिट यांनी खेळाडू म्हणून १९३९ व १९४१ मध्ये बॉस्टन संघाबरोबर स्टॅन्ली चषक जिंकला होता आणि पुढे त्याच संघाचे महाव्यवस्थापक असताना त्यांनी जमविलेल्या खेळाडूंनी १९७० व १९७२ मध्ये पुन्हा तो मिळविला होता. खेळाडूंची पारख नसलेल्या व्यक्तीच्या हाती संघ सोपविला गेला, असे म्हणावयास म्हणूनच जागा नाही.

जून १९७४ मधील विस्तार-निवडीत जुन्या सोळा संघांना प्रत्येकी दोन गोलरक्षक व पंधरा अन्य खेळाडू राखून ठेवण्याची मुभा होती. त्या काळी एका सामन्यासाठी दोन गोलरक्षक व सतरा अन्य खेळाडू संघात घेता येत. म्हणजे प्रत्येक जुना संघ आपला जवळजवळ संपूर्ण सामन्याचा संच सुरक्षित ठेवू शकत होता. जे उरले त्यांतून वॉशिंग्टन व कॅन्सस सिटी यांनी प्रत्येकी २४ खेळाडू घेतले. त्यांत दुय्यम लीगमधील, उतारवयातील व जुन्या संघांना नकोसे झालेले खेळाडू मुख्यत्वे होते. वॉशिंग्टनचे पहिले कर्णधार डग मोन्स हे अटलांटाकडून आले. हंगामाच्या आरंभी त्यांचे वय चाळीस होते.

नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिला मान वॉशिंग्टनला मिळाला. तीत त्याने ग्रेग जॉली या तरुण बचावपटूची निवड केली. जॉली यांच्या रिजायना पॅट्स या संघाने त्याच वर्षी कॅनडाचे किशोर-अजिंक्यपद मिळविले होते. सामान्यतः असा खेळाडू अनुभवी सहकाऱ्यांच्या आधाराने एकदोन वर्षांत तयार होतो. येथे मात्र तो आधारच नव्हता. त्यातच दुखापतींची भर पडली आणि पहिल्या हंगामात ते ४४ सामन्यांतच खेळू शकले.

हंगामाचा वृत्तांत : कॅपिटल्सचा पहिला सामना ९ ऑक्टोबर १९७४ रोजी न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध न्यूयॉर्क येथे झाला व त्यात संघ ६–३ असा पराभूत झाला. १५ ऑक्टोबर रोजी स्वतःच्या मैदानावरील पहिल्या सामन्यात त्याने लॉस अँजेल्सशी १–१ अशी बरोबरी केली आणि १७ ऑक्टोबर रोजी शिकागोवर ४–३ असा विजय मिळविला. शिकागो हा लीगच्या जुन्या सहा संघांपैकी एक असल्याने या विजयाने काही आशा निर्माण झाली. परंतु ती टिकली नाही. माँट्रिऑल, लॉस अँजेल्स, पिट्सबर्ग व डिट्रॉइट हे वॉशिंग्टनच्या गटातील अन्य संघ होते. त्यांपैकी माँट्रिऑलने त्या हंगामात ११३, तर लॉस अँजेल्सने १०५ गुण मिळविले. अशा संघांशी वॉशिंग्टनला वारंवार खेळावे लागले.

प्रशिक्षक जिम अँडरसन यांच्या कारकिर्दीत संघाने ५४ सामन्यांत ४ विजय मिळविले. फेब्रुवारी १९७५ मध्ये त्यांच्या जागी रेड सलिव्हन आले. त्यांना १८ सामन्यांत दोनच विजय लाभले. अखेरच्या आठ सामन्यांसाठी खुद्द श्मिट यांनी प्रशिक्षकपद स्वीकारले व आणखी दोन सामने जिंकले. १८ फेब्रुवारी ते २६ मार्च या काळात संघ लागोपाठ १७ सामने हरला. परगावच्या मैदानांवर तर पहिल्या दिवसापासून सलग ३७ पराभव झाले.

ही मालिका २८ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे खंडित झाली. कॅलिफोर्निया गोल्डन सील्स या संघाविरुद्ध वॉशिंग्टनने ५–३ असा विजय मिळविला. सामन्यानंतर खेळाडूंनी कचऱ्याचा एक डबा उचलला व तोच स्टॅन्ली चषक असल्याप्रमाणे डोक्यावर धरून मैदानाभोवती मिरविला. हा प्रसंग पुढे हास्यकथा म्हणून प्रसिद्ध झाला. परंतु पावणेसहा महिने परगावी एकही विजय न पाहता खेळत राहिलेल्या व्यावसायिक खेळाडूंना आपल्या स्थितीची पुरेपूर जाणीव होती आणि तीतही त्यांनी आपला खेळकरपणा गमावला नव्हता, हेच त्यातून दिसते. हंगामाअखेर स्वतःच्या मैदानावर ७ विजय, २८ पराभव व ५ बरोबरी, तर परगावी १ विजय व ३९ पराभव असा हिशेब लागला.

आकडेवारी व तिचा अर्थ : वॉशिंग्टनने हंगामात १८१ गोल केले व त्याच्यावर ४४६ गोल झाले. म्हणजे दर सामन्यास सरासरी पाचांहून अधिक गोल स्वीकारावे लागले. एका हंगामात इतके गोल अन्य कोणत्याही संघावर झालेले नाहीत. संघाचे आठही विजय गोलरक्षक रॉन लो यांच्या नावावर आहेत. त्यांनी ३६ पराभव व २ बरोबरीही अनुभवल्या. दुसरे गोलरक्षक मिशेल बेल्युमर यांना २४ पराभव व ३ बरोबरी यांपलीकडे काहीच मिळाले नाही. आक्रमणाच्या बाजूस टॉमी विल्यम्स यांनी २२ गोल करून व ३६ गोलांना साहाय्य करून संघात सर्वाधिक ५८ गुणांक मिळविले. १९६० च्या हिवाळी ऑलिंपिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन संघात ते खेळले होते.

बचावपटू बिल मिकेल्सन यांचा ‘अधिक-उणे’ निर्देशांक उणे ८२ असा नोंदला गेला. खेळाडू मैदानात असताना आपल्या संघाने केलेले व संघावर झालेले गोल यांच्या वजाबाकीने हा निर्देशांक काढतात. ५९ सामन्यांतील हा आकडा लीगच्या इतिहासातील नीचांक ठरला. वस्तुतः हा निर्देशांक खेळाडूच्या कौशल्याइतकाच त्याच्या सोबत्यांच्या दर्जाचेही मापन करतो. दुर्बल संघात जो अधिक वेळ प्रतिपक्षाच्या श्रेष्ठ खेळाडूंसमोर उभा केला जातो, त्याच्या नावावर उणे गुण साचत जातात. संघाच्या रचनेतील दोष व्यक्तीच्या खाती कसा जमा होतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

कारणमीमांसा : या अपयशाचे खापर केवळ नियमांवर फोडणे मात्र यथार्थ ठरणार नाही. त्याच अटींवर आलेल्या कॅन्सस सिटी स्काउट्स संघाने १५ सामने जिंकले, ११ बरोबरीत सोडविले व ४१ गुण मिळविले. वॉशिंग्टनच्या निवडीत काही चुका झाल्या असाव्यात, हे यावरून मान्य करावे लागते. परंतु ४१ गुण म्हणजे १६० च्या सुमारे पावपट होत. दोन्ही नव्या संघांची मजल याच्या आतच राहिली, ही गोष्ट अधिक बोलकी आहे. नियमांनी दोघांसाठीही पाया अतिशय खालच्या पातळीवर घातला होता. माणसांच्या कर्तृत्वाने वा चुकांनी जो फरक पडला, तो त्या पातळीच्या आसपासच राहिला. तीन प्रशिक्षक बदलून व श्मिट यांच्यासारखा अनुभवी जाणकार हाताशी असूनही त्यात पालट होऊ शकला नाही.

आर्थिक परिणामही दूरगामी ठरले. हरणाऱ्या संघास प्रेक्षक मिळेनात व प्रेक्षकांवाचून चांगले खेळाडू मिळवणे दुरापास्त झाले. कॅन्सस सिटीचा संघ दोनच हंगामांनंतर १९७६ मध्ये डेन्व्हर येथे व तेथून १९८२ मध्ये न्यू जर्सी येथे गेला. ओकलंडचा सील्स संघ १९७६ मध्ये क्लीव्हलंड येथे गेला व १९७८ मध्ये मिनेसोटा संघात विलीन झाला. वॉशिंग्टनचा संघ आपल्या गावी टिकला. परंतु दुसऱ्या हंगामातही (१९७५–७६) त्याला ११ विजय व ३२ गुणच मिळाले. बाद फेरीत प्रवेश मिळण्यास १९८३ साल उजाडावे लागले. तत्पूर्वी १९८२ च्या उन्हाळ्यात संघ वाचविण्यासाठी नागरिकांना तिकीट-खरेदीची जाहीर मोहीम हाती घ्यावी लागली होती.

त्याच १९७४–७५ च्या हंगामाचा अंतिम सामना फिलाडेल्फिया व बफालो यांच्यात, म्हणजे १९६७ मध्ये वा त्यानंतर लीगमध्ये आलेल्या दोन संघांत झाला व फिलाडेल्फियाने सलग दुसऱ्यांदा चषक जिंकला. आयलंडर्सनेही पुढे १९८० ते १९८३ अशी सलग चार वर्षे अजिंक्यपद राखले. नवा संघ श्रेष्ठपदास पोहोचू शकतो, हे यावरून सिद्ध झाले. त्यासाठी लागणारा काळ मात्र बव्हंशी त्याच्या प्रवेशाच्या अटी ठरवीत. ओटावा सेनेटर्स संघाने १९९२ मध्ये पाच कोटी डॉलर भरून प्रवेश मिळविला. तरीही पहिल्या हंगामात तो ८४ पैकी १० सामनेच जिंकू शकला आणि परगावच्या सलग ३८ पराभवांनी त्याने वॉशिंग्टनचा विक्रम मागे टाकला.

लास व्हेगसशी तुलना : नियमांचे महत्त्व सर्वाधिक स्पष्ट झाले ते व्हेगस गोल्डन नाइट्स संघाच्या पहिल्या हंगामात (२०१७–१८). या संघाने ५० कोटी डॉलर शुल्क भरले होते. एवढ्या रकमेच्या मोबदल्यात लीगने निवडीचे नियम उदार केले. जुन्या तीस संघांना एका गोलरक्षकासह अकरा खेळाडू किंवा दुसऱ्या पर्यायानुसार नऊच खेळाडू राखता आले. नवोदितांना यातून वगळण्यात आले होते. १९७४ मध्ये दोन नवे संघ सोळा संघांच्या उरलेल्या खेळाडूंत वाटेकरी होते; २०१७ मध्ये एकच नवा संघ तीस संघांतून प्रत्येकी एक खेळाडू घेणार होता. शिवाय २००५ पासून लागू झालेल्या वेतनमर्यादेमुळे जुन्या संघांना महागडे खेळाडू सोडणे सोयीचे वाटू लागले होते. फ्लॉरिडाने जोनाथन मार्शेसो यांना राखीव यादीत घेतले नाही व रायली स्मिथ यांचे वेतन डोईजड झाल्याने त्यांनाही व्हेगसला देऊन टाकले. पिट्सबर्गकडून अनुभवी गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लरी आले. कोलंबसकडून आलेल्या विल्यम कार्लसन यांनी आदल्या हंगामात सहाच गोल केले होते. व्हेगससाठी त्यांनी ४३ केले. जेरार्ड गॅलंट यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने ५१ सामने जिंकून १०९ गुण मिळविले, आपल्या गटात पहिला क्रमांक पटकाविला व पहिल्याच वर्षी अंतिम फेरी गाठली.

तथापि अनुकूल नियम म्हणजे यशाची हमी नव्हे. सिॲटल क्रॅकन हा संघ २०२१ मध्ये ६५ कोटी डॉलर भरून त्याच नियमांनी लीगमध्ये आला. जुने संघ एव्हाना सावध झाले होते व त्यांनी व्हेगसला दिल्या तशा सवलती सिॲटलला दिल्या नाहीत. पहिल्या हंगामात त्यास २७ विजय व ६० गुण मिळाले. नियम नव्या संघाला उभे राहण्यापुरती जागा देतात. तिच्यावर काय उभारावयाचे, ते खेळाडूंची पारख, प्रशिक्षण व काही अंशी दैव यांवर अवलंबून असते. १९७४ च्या वॉशिंग्टन संघास ती जागाच मिळाली नव्हती.

मूल्यमापन : गोल्डन नाइट्स संघाची जुळणी करणारे महाव्यवस्थापक जॉर्ज मॅकफी हे १९९७ ते २०१४ या काळात वॉशिंग्टन कॅपिटल्सचे महाव्यवस्थापक होते. १९९८ मध्ये वॉशिंग्टन प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. मात्र त्या वेळी डिट्रॉइटने त्याला चारही सामन्यांत हरविले. २०१८ च्या अंतिम फेरीत व्हेगसचा सामना वॉशिंग्टनशीच पडला. पहिल्या हंगामात लीगमधील सर्वांत दुर्बल ठरलेला संघ व पहिल्याच हंगामात सर्वांत यशस्वी ठरलेला संघ असे हे दोन प्रतिस्पर्धी होते. पहिला सामना गमावल्यानंतर वॉशिंग्टनने पुढील चार सामने जिंकले आणि ७ जून २०१८ रोजी अलेक्झांडर ओव्हेच्किन यांच्या नेतृत्वाखाली स्टॅन्ली चषक प्रथमच मिळविला. प्रवेशानंतर यासाठी त्यास ४४ वर्षे वाट पाहावी लागली. व्हेगसने हाच मान २०२३ मध्ये, आपल्या सहाव्या हंगामात, संपादन केला. त्या विजयी संघात पहिल्या हंगामापासूनचे सहा खेळाडू होते. १९७४–७५ च्या वॉशिंग्टन संघातील खेळाडूंना असा दिवस पाहावयास मिळाला नाही. त्यांच्या नावे नोंदलेले पराभव त्यांच्या क्षमतेइतकेच ज्यांनी त्यांच्या संघाची सामग्री आधीच ठरवून टाकली त्या नियमांचेही निदर्शक आहेत. त्या आठ विजयांचे मोलही याच संदर्भात पाहणे युक्त ठरते.